सुखदेवभाऊंचं तिफणी अक्षर

जालन्याची एस.टी. देऊळगाव राजाच्या स्टँडवर थांबली. मी पिशवी सांभाळत खाली उतरलो, तर समोरच्या भिंतीवर ताजं पत्रक चिकटवलेलं. मला आधी दिसली ती शाई. ‘स’च्या पोटात, ‘ख’च्या गाठीत, ‘द’च्या वळणात काळे गोळे झालेले. तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाची नजर दुसरीकडे कुठे जाणार? माझ्या रजेत कोणी हा मजकूर लावला, निदान शाईचा रूळ तरी पुसायचा होता, असं पुटपुटत मी जवळ गेलो आणि मग नाव वाचलं. सुखदेव सुतार. खाली बारीक टाइपात ‘शोकसभा’. मुलीकडे आठ दिवस राहून मी परत येत होतो, आणि त्या आठ दिवसांत सुखदेवभाऊ गेले होते. ते मला कळलं ते असं... त्यांनीच घडवलेल्या अक्षरात, पण त्या अक्षराची माती करून छापलेल्या नावातून.

दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा तळपायाची आग मस्तकात गेली. महिना उलटला तरी ती उतरलेली नाही. शोकसभेत चार पुढारी बोलले. एक म्हणाला, कुशल कारागीर. दुसरा म्हणाला, त्यांच्या हातची बैलगाडी कधी कुरकुरली नाही. तिसऱ्याला ते सुतार की लोहार हेही नीट ठाऊक नव्हतं. अक्षराबद्दल एकानंही अवाक्षर काढलं नाही, आणि त्यांच्या पाठीमागे जो कापडी फलक टांगला होता, तो रंगवणाऱ्यानं त्याच तीन रेघी अक्षराची नक्कल करून रंगवला होता! या अक्षराची हकीकत सांगू शकणारा आता मी एकटा उरलो आहे. म्हणून लिहितो. यात माझाही एक गुन्हा आहे, तोही सांगणार आहे.

सुखदेवभाऊ मूळचे धामणगाव बढ्याचे. देवळाच्या लाकूडकामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बोली मात्र शेवटपर्यंत तिकडची. आम्ही जालन्याकडे झुकलेले, ‘मला-तुला’ म्हणणारे. त्यांचं ‘मले-तुले’ ऐकून आमच्या छापखान्यातले लोक त्यांना चिडवायचे. ते हसून म्हणायचे, “तुमाले समजलं ना? मंग झालं तं.” महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी ते खिळ्यांचे मोडके खण दुरुस्त करायला छापखान्यात आले होते. त्याच दिवशी आमच्याकडे नव्या राज्याच्या आनंदमेळाव्याचं मोठं पत्रक छापायला आलं होतं. मोठ्या मथळ्यासाठी आमच्याकडे झिजलेली, भरीव लाकडी अक्षरं होती. भरीव अक्षर शाई पितं फार आणि देतं कुठे थोडी, कुठे जास्त. ‘महाराष्ट्र’ हा शब्द छापून निघाला तो ठिगळं लावल्यासारखा. मालक कपाळावर हात मारून बसले. सुखदेवभाऊ हातातली पटाशी तशीच धरून कागदाकडे बघत होते.

“एवढी सगळी जमीन काऊन काळी करून राह्यले?” ते म्हणाले. “तासं पाडा ना. तिफणीनं पाडतात तशी.”

मालक हसले. मी हसलो नाही, कारण मला ते चटकन दिसलं. पेरणीची तिफण शेतात तीन रेघा, म्हणजे तासं, सोबत ओढत नेते. एकमेकींपासून सारख्या अंतरावर, बांधाकडे जाताना सरळ आणि वळताना तिन्ही मिळून वळणाऱ्या. अक्षर तसंच तीन रेघांचं केलं, तर शाई लावायला जागा थोडी, ठिगळं पडणार नाहीत, आणि दुरून बघणाऱ्याच्या डोळ्याला ते भरीवच वाटेल. सुखदेवभाऊंना छपाईचं ओ की ठो माहीत नव्हतं. पण जन्मभर तिफणी घडवलेल्या माणसाला रेघ म्हणजे काय ते आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

चौथ्या दिवशी ते पहिलं अक्षर घेऊन आले. ‘म’ होता. मोडक्या तिफणीच्या दिंडातून, म्हणजे जाड आडव्या लाकडातून, कापलेला, बाभळीचा. “हे लाकूड बारा पावसाळे खाल्लेलं हाय,” ते म्हणाले, “आता काही हालत नाही.” तीन रेघा इतक्या सफाईदार की मी बोट फिरवतच राहिलो. मग शाई लावून छाप घेतला आणि सगळा छापखाना खो खो हसला. ‘म’ उलटा! छापायचं अक्षर लाकडात उलटं कोरायचं असतं, हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. खिळे वाचायची सवय झाली की जगाला सरळ दिसतं ते आपल्याला उलटं दिसतं, हेच आपण विसरतो. सुखदेवभाऊंनी ‘म’ परत घेतला, कडेनं पाहिला, उलटून पाहिला. “मंग घरी जाऊन आरसा घेतो,” एवढंच म्हणाले. पुढची दोन वर्षं त्यांच्या घरातला एकुलता एक आरसा दुकानात होता. त्यांच्या पत्नी कौसावहिनी मला म्हणायच्या, “वामनराव, माह्या आरशानं मले कमी अन् तुमची अक्षरंच लय पाह्यली.”

आरशाचं जमलं, पण दुसरी अडचण आली. सरळ रेघेला अक्षर झकास छापायचं, आणि जिथे रेघा आवळून वळतात, ‘स’च्या पोटात, ‘ख’च्या गाठीत, तिथे दोन रेघांमधली पांढरी फट शाईनं भरून जायची. मी शाई पातळ केली, जाड केली, रूळ बदलला. काही उपयोग झाला नाही. सुखदेवभाऊ कागद घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा ‘स’ बदललेला होता. वळणावर मधली रेघ त्यांनी तोडली होती. वळणाच्या आधी ती थांबत होती आणि वळण संपल्यावर पुन्हा सुरू होत होती. बाहेरच्या दोन रेघा मात्र अखंड. मी छाप घेतला. वळण स्वच्छ! आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला रेघ तुटलेली कळतही नव्हती, उलट अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळाल्यासारखी वाटत होती.

“हे कसं सुचलं?” मी विचारलं.

“धुऱ्यावर बैलं वळतात ना, तवा चाड्यावरचा हात थांबवा लागते,” ते म्हणाले. धुरा म्हणजे बांध, आणि चाडं म्हणजे तिफणीवरचं बी सोडायचं लाकडी भांडं. “नाही थांबवला तं एकाच जागी बी सांडते. दाट होते. मंग तिथं काहीच धड उगत नाही.”

मला तेव्हा ते उत्तर नुसतं गोड वाटलं. आज वाटतं, अक्षरं ओतणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांत एवढ्या शहाणपणाचं वाक्य कोणी बोललं असेल का?

पुढे त्या अक्षराचं कुटुंबच झालं. लहान मापात तीन रेघा मावेनात म्हणून दोन रेघांचं केलं, त्याला आम्ही दुफणी म्हणायचो. मधलं तिफणी. आणि कुस्त्यांच्या दंगलीच्या, तंबूतल्या सिनेमाच्या मोठ्या पत्रकांसाठी वीतभर उंचीचं पाच रेघांचं. बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, सगळं. माप फुटपट्टीवर नाही, बोटांवर. दोन बोटी, चार बोटी, वीत. चिखली-मेहकरचे लोक पत्रक छापायला आमच्याकडे येऊ लागले आणि येताना सांगू लागले, “ते तासाचं अक्षर लावा.” सोनाळ्याहून एक शाळामास्तर स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेसाठी बस बदलत बदलत आला होता. सुखदेवभाऊ बाजाराच्या दिवशी भिंतीभिंतीवरून हिंडायचे, पत्रकासमोर उभे राहायचे आणि फक्त वळणं बघायचे. मजकूर काय आहे हे त्यांना कधी सांगता यायचं नाही.

आता माझा गुन्हा. शहरातल्या, शिशाची अक्षरं ओतणाऱ्या एका नामांकित कारखान्याचा फिरता माणूस वर्षातून एकदा नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आमच्याकडे यायचा. इस्त्रीचे कपडे, तोंडात गोड भाषा. आमची बोली ऐकून ओठांच्या कोपऱ्यात हसायचा, ते मला दरवेळी टोचायचं. त्या वर्षी त्यानं पुस्तक उघडायच्या आधी मीच भिंतीवरचा कागद काढला. तिफणी अक्षराच्या संपूर्ण बाराखडीचा, दोन रविवार खपून मी घेतलेला एकुलता एक स्वच्छ छाप. म्हटलं, बघा आमच्या गावचं अक्षर! त्याचं हसू मावळलं. त्यानं चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला, आणि मला ब्रह्मानंद झाला. “साहेबांना दाखवतो,” तो म्हणाला, “कौतुक करतील.” आणि मी तो कागद नीट गुंडाळी करून, वर सुतळी बांधून, त्याच्या हातात दिला. सुखदेवभाऊंचं दुकान तिथून शंभर पावलांवर होतं. त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही. त्या चष्मेवाल्याची जिरवायच्या नादात मी दुसऱ्याची वस्तू देऊन टाकली.

दीड वर्षानं नव्या नमुन्यांचं पुस्तक आलं. चौदाव्या पानावर आमचं अक्षर. नाव ‘विलासरेखा’! खाली ओळ : ‘आमच्या कलाविभागाची अभिनव निर्मिती’. अभिनव! ‘ळ’ची शेपटी सुखदेवभाऊंनी थोडी आखूड ठेवली होती, कारण त्या लाकडाला तिथे गाठ होती. त्या कलाविभागाच्या ‘ळ’ची शेपटीही तेवढीच आखूड. शिशाला कुठून गाठ आली हो? चोरी करताना इतकंही डोकं चालवायचं नाही? आणि जिथे हात लावायला नको होता, तिथे मात्र यांनी हात लावला होता. वळणावरची तुटलेली मधली रेघ कोणा खेडवळाची चूक समजून त्यांनी ती जोडून टाकली होती. नमुन्याच्या गुळगुळीत कागदावर ती झकास दिसत होती. आमच्या साध्या कागदावर, आमच्या साध्या शाईत तिचं काय होणार, हे मला बघायचीही गरज नव्हती.

मी पुस्तक घेऊन सुखदेवभाऊंकडे गेलो. त्यांनी हात पुसले, पान उजेडाकडे धरलं. “लय साजरं दिसते,” ते म्हणाले. मग अंगठा ‘स’च्या पोटावर थांबला. “पन... वळण काऊन बुजवलं?”

मी कारखान्याला तावातावानं शिव्या घातल्या. म्हटलं, तुमचं नाव छापायला लावतो, आजच पत्र लिहितो. ते शांतपणे म्हणाले, “नाव नाही टाकलं तं नाही टाकलं. पन वळण मोकळं करा म्हणा त्याहीले. लोकाईचे कागद खराब होतीन.” एवढंच त्यांचं मागणं. मी पत्र लिहिलं, चार पानी. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर नाव, शेवटपर्यंत नावच. वळणाबद्दल एक ओळ नाही. का? कारण नाव माझ्या हातून गेलं होतं आणि ते परत मिळवून मला माझा हात धुवायचा होता. वळणाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. उत्तर आलं दोन ओळींचं : रेघांची अक्षरं कोणाच्या मालकीची नसतात, ग्रामीण कारागिरांविषयी आम्हांस आदर आहे. आदर! तो आदर घेऊन काय करायचं होतं? लोणचं घालायचं? मी आणखी दोन पत्रं लिहिली, पण त्यांनी कानावर हात ठेवले.

आमच्या मालकांचं तर काय सांगावं. शिशाची चकचकीत ‘विलासरेखा’ त्यांनी मागवली, कारण जालन्याच्या छापखान्यात ती आली होती. मी चार दिवस बहिणीकडे लग्नाला गेलो आणि परतलो, तर लाकडी अक्षरांचे खण रिकामे. विचारलं, तर म्हणाले, “बंबात घातली. कोरडं लाकूड, पाणी झटकन तापतं.” दुफणी, तिफणी, पाच रेघांची, सगळी बाराखडी मालकांच्या घरच्या आंघोळीच्या पाण्याखाली गेली. मी नोकरी सोडली नाही. हेही लिहून ठेवतो. मान खाली घालून शिशाची अक्षरं लावत राहिलो. सुखदेवभाऊंना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “सगळीच?” मी म्हटलं, सगळीच. ते पुन्हा चाकाच्या आऱ्याकडे वळले. त्यानंतर ते छापखान्यात कधी आले नाहीत. बाजाराच्या दिवशी भिंतींकडे बघणंही त्यांनी सोडलं. मी रस्त्यात भेटलो की हसून बोलायचे, प्रकृती विचारायचे. कागद त्या माणसाच्या हातात कसा गेला, हे मात्र त्यांनी मला कधीही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सात-आठ वर्षं सांगितलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कौसावहिनी ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी ते पत्रक, कोणीतरी आणून दिलेलं. वहिनींना अक्षरओळख नाही. पण माझ्याकडे न बघताच त्यांनी पत्रकातल्या त्या काळ्या गोळ्यावर बोट ठेवलं. “इथं सांडलं,” त्या म्हणाल्या. “इथं बी.”

वहिनी म्हणाल्या, “धामणगावले आमी दोघं पेरत होतो. बैलं त्याहीच्या हाती, चाडं माह्या हाती. नव्यानं हात थांबत नोयता माहा वळणावर. लय बोलणी खाल्ली म्या.” म्हणजे ते वळण या बाईच्या मुठीतून अक्षरात आलं होतं... आणि शहरातल्या कलाविभागानं ते दुरुस्त केलं होतं!

मग मला राहवलं नाही. म्हटलं, “वहिनी, तो कागद मीच दिला होता त्या माणसाला. भाऊंना न विचारता.”

“त्याहीले ठाऊक होतं.”

“मग मला बोलले का नाहीत कधी?”

“म्हणत, वामनरावानं कौतुकानंच देला.” वहिनींनी पत्रकाची घडी घातली. “अन् म्हणत, सांगतीन ते एखांद्या दिवशी. वाट पाह्यली त्याहीनं.”

माझ्या सगळ्या संतापाची, त्या तावातावाच्या पत्रांची, मालकांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांची त्या एका वाक्यापुढे काय किंमत उरली? मी खाली मान घालून बसलो. वहिनी आत गेल्या आणि दोन वस्तू घेऊन आल्या. एक भाऊंची बारीक पटाशी. दुसरी, कोनाड्यात ठेवलेला तो पहिला ‘म’. सरळ कोरलेला, चुकलेला, म्हणून छापखान्यातून परत आलेला आणि म्हणून बंबातून वाचलेला. बाहेरच्या रेघा अखंड. आणि गाठीच्या वळणावर, नंतर कधीतरी हातात घेऊन, भाऊंनी यातलीही मधली रेघ तोडून ठेवली होती. ज्या अक्षराचा छाप पुन्हा कधी निघणार नव्हता, त्याचंही वळण त्यांनी मोकळं करून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून छापखाना उघडला की मी आधी अर्धा तास एकच काम करतो. ‘म’ समोर ठेवतो आणि शिशाच्या विलासरेखेतलं एकेक अक्षर घेऊन, पटाशीनं, वळणावरची मधली रेघ कापतो. शिसं मऊ असतं, कापलं जातं. पटाशीची धार जाते, ती मी लावून घेतो. मालक पहिल्या दिवशी ओरडले, माल खराब करतोस म्हणून. मी म्हटलं, तो खराबच आला होता, मी दुरुस्त करतोय, आणि नको असेन तर तसं सांगा. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर बोललो. ते पाठ फिरवून आत निघून गेले. बाराखडी अजून पुरी व्हायची आहे. पण ‘सुखदेव’ला लागणारी अक्षरं आधी झाली.

आणि त्या कारखान्याला, त्याच्या कलाविभागाला, हा मजकूर वाचनात आलाच तर, जे माझ्या तिन्ही पत्रांत लिहायचं राहून गेलं ते आज इथे लिहितो. धामणगाव बढ्याच्या सुखदेव सुतारांचा निरोप आहे : नाव नाही टाकलंत तरी चालेल, वळण मोकळं करा. लोकांचे कागद खराब होताहेत.

परवा मी नुसतं त्यांचं नाव छापलं, मोठ्या कोऱ्या कागदावर, आणि स्टँडच्या भिंतीवर त्या जुन्या पत्रकावर चिकटवलं. एक प्रत वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली. उजव्या हाताचं बोट ‘स’च्या रेघेवरून सावकाश नेलं आणि वळण आलं तिथे जरा उचललं.

“हाव,” त्या म्हणाल्या, “थांबला हात.”